लेकीचं कॉलेज ज्वालामुखीच्या पोटावर आहे. धोका मोजायचा तरी कसा?

गोदाकाठची | ५ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरात राहते. लेकीने इथेच सिव्हिल केलं आणि आता स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी तिला इटलीतल्या नापोलीच्या फेडेरिको विद्यापीठात प्रवेश मिळालाय. १२२४ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आहे, फी आपल्याला झेपेल अशी आहे, पोरगी हवेत आहे. सप्टेंबरात निघायचं.

गेल्या आठवड्यात तिने खोली नक्की करत आणली. भाग बान्योली. भाडं इतर भागांपेक्षा बरंच कमी. कमी का, म्हणून मी नकाशा उघडला आणि ‘कांपी फ्लेग्रेई’ हे नाव पहिल्यांदा वाचलं. तेव्हापासून झोप नाही. १३ मार्चला मध्यरात्री दीडच्या सुमाराला तिथे ४.६ चा भूकंप झाला, बान्योलीत घरांची पडझड झाली, लोक रस्त्यावर आले. ३० जूनला पुन्हा ४.६. आणि हे सगळं एका जिवंत ज्वालामुखीच्या तोंडात. तिची इंजिनिअरिंगची इमारत फुओरिग्रोत्ताला आहे, तोही भाग त्याच तोंडात मोडतो.

यजमान व्हिडिओ बघून सांगतात की हा फुटला तर अख्खा युरोप अंधारात जाईल. लेक म्हणते, “आई, तिथे पाच लाख लोक राहतात, ते काय वेडे आहेत?” मला ही दोन्ही उत्तरं पुरत नाहीत.

माझं माहेर पंचवटीतलं. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की आमचे आजोबा खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचे, “मारुती कुठवर?” नदीच्या पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की खालच्या खोलीतलं धान्य वर चढायचं. कमरेला लागलं की आजी आणि आम्ही पोरं मामाकडे. छातीला लागेपर्यंत घरात थांबलेलं मला आठवत नाही. धरणातून किती क्युसेक सोडलंय हे आजोबांना कळत नसे, कळायची गरजही पडली नाही.

मला नापोलीचा मारुती दाखवा. कुणी जाणकार आहे का इथे?

—

रानजाई | ५ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. एकुलती एक लेक असेल तर पाठवू नका. शिक्षण पुण्यातही होतं. संकट आल्यावर भाषा येत नाही, गाडी नाही, जवळ माणूस नाही. मी आई म्हणून सांगतेय.

—

भूगर्भवाला | ५ ऑगस्ट, रात्री ११:५०

गोदाकाठची ताई, तुमचा मारुती पोझ्झुओलीच्या बाजारात उभा आहे. बान्योलीहून पश्चिमेला पाचेक किलोमीटर.

मी भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालो, नाशिकरोडला असतो. पोझ्झुओली बंदराजवळ रोमन काळातल्या बाजारपेठेचे अवशेष आहेत, त्यात संगमरवराचे तीन उंच खांब अजून उभे आहेत. त्या खांबांवर माणसाच्या डोक्याच्याही बऱ्याच वर भोकाभोकांचा एक पट्टा आहे. ती भोकं पाडलीत दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी, आणि हा प्राणी फक्त समुद्रात राहतो. म्हणजे हे खांब उभेच्या उभे समुद्रात बुडाले, शतकानुशतकं पाण्यात राहिले आणि पुन्हा वर आले. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी १८३० मध्ये या खांबांचं चित्र आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच छापलं, कारण जमीन हळूहळू वरखाली होते याचा इतका उघड पुरावा दुसरा नव्हता. आपल्याकडे गोदावरी चढते, तिथे घाटच चढतो. या हालचालीला ब्रॅडिसिझम म्हणतात.

आता ज्वालामुखीविषयी. चित्रातल्यासारखा शंकू डोळ्यासमोर आणू नका. ही बारा ते पंधरा किलोमीटर रुंदीची परात आहे, अर्धी जमिनीवर, अर्धी समुद्राखाली. सुमारे ४० हजार आणि सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीच्या दोन प्रचंड उद्रेकांनंतर वरचं कवच खचून ती तयार झाली. यजमानांनी पाहिलेला व्हिडिओ त्या ४० हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकावर असणार. पण शेवटचा उद्रेक झाला १५३८ मध्ये, आणि ताईंनी मनात धरावा तो हाच. आधी कित्येक वर्षं जमीन उचलत होती, भूकंप होत होते. शेवटच्या दिवसांत किनारा इतका वर आला की समुद्र मागे हटला. २९ सप्टेंबरला जमीन फाटली आणि आठवड्याभरात शेतात जवळजवळ १३० मीटरची टेकडी उभी राहिली. नावच मोंते नुओवो, नवा डोंगर. त्रिपेर्गोले नावाचं गाव तिच्याखाली गेलं. मधे एकदा शांत झालं असं समजून लोक टेकडी बघायला वर चढले, तेव्हा ६ ऑक्टोबरला पुन्हा स्फोट झाला आणि २४ जण मेले. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे शेवटचं वाक्य दोनदा लिहायला लावत असे.

विसाव्या शतकात ही जमीन दोनदा उठली. १९६९ ते ७२ मध्ये सुमारे १.७ मीटर, तेव्हा मार्च १९७० मध्ये पोझ्झुओलीची जुनी वस्ती रिओने तेर्रा रिकामी केली. १९८२ ते ८४ मध्ये आणखी सुमारे १.८ मीटर, तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास लोकांना हलवलं. दोन्ही वेळा उद्रेक झाला नाही. मग जमीन थोडी खाली बसली आणि २००५ पासून परत चढू लागली. आजवर १.४ मीटरच्या वर गेली आहे. खाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, ढकलतोय की तापलेला वायू आणि पाणी ढकलतंय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. त्यामुळे तारीख सांगणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका.

धोक्यांचा क्रम मात्र लावता येतो. सर्वांत संभाव्य म्हणजे भूकंप, तो तर चालूच आहे. त्याखालोखाल वाफेचा स्फोट, म्हणजे मॅग्मा वर न येता तापलेल्या पाण्याने जमीन उडवणं. मग मोंते नुओवोसारखा छोटा उद्रेक. युरोप झाकणारा मोठा उद्रेक यादीत सगळ्यांत तळाला. लोक बहुधा ही यादी उलटी धरून घाबरतात, आणि ज्या भूकंपाने घर पडू शकतं त्याची तयारी राहून जाते.

—

मखमलाबाद_नाका | ६ ऑगस्ट, सकाळी ७:०५

सर, मग आपल्या नाशिकचं काय? ब्रह्मगिरी पण ज्वालामुखीच ना? मधे एक फॉरवर्ड आला होता.

—

भूगर्भवाला | ६ ऑगस्ट, सकाळी ८:३०

ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी कोरली तो डोंगर, सगळा लाव्हाच आहे. पण तो एका डोंगराच्या तोंडातून आलेला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून थरावर थर वाहिला. त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली. ज्या चुलीवर हे शिजलं ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. आपला भूभाग तिच्यावरून सरकत उत्तरेला आला. नाशिकखाली उद्रेकाला लागणारा मॅग्मा नाही. भारतातला जागा ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात आहे, बॅरन बेट. धागा ताईंच्या प्रश्नाचा आहे, तिकडेच राहू.

—

दळवट_खोरं | ६ ऑगस्ट, दुपारी १:२०

सर, थोडं विषयाला सोडून होईल, पण जोडलेलं आहे. आमचं गाव कळवण तालुक्यात दळवटच्या बाजूला. आमच्याकडे छोटे धक्के बसतात हे पेपरात येतं. आधी जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग भांडी वाजतात. मेरी या नाशिकच्या सरकारी संशोधन संस्थेचे लोक येतात, नोंदी घेतात. पहिल्या वेळी ‘डोंगरात ज्वालामुखी जागा झाला’ म्हणून अर्धं गाव शेतात झोपलं होतं. माझी आई म्हातारी, महिनाभर अंगणातच खाट टाकून होती.

मला सांगायचंय ते पुढचं आहे. महिन्याने आई घरात आली. पुढच्या वर्षी धक्का बसला तर ती कूससुद्धा बदलत नाही. घराची एक भिंत दगड-मातीची आहे, तिला तडा आहे, तो आम्ही रोज बघतो. धक्क्याची सवय झाली, तडा तिथेच राहिला. ताई, तुमच्या लेकीला पहिल्या धक्क्याची भीती वाटेल, ती चांगलीच आहे. मला काळजी विसाव्या धक्क्याची वाटते.

—

नापोलीकर_सिन्नरचा | ६ ऑगस्ट, रात्री ११:१०

मी सिन्नरचा, नापोलीत पाचवं वर्ष, त्याच विद्यापीठात संशोधन करतो. धागा आत्ता बघितला. ताई, तुमची लेक जिथे शिकणार ती इमारत मारादोना स्टेडियमच्या शेजारी आहे, रोज तिथूनच जातो. बरंच लिहायचंय, सावकाश वाचा.

१३ मार्चच्या रात्री मी बान्योलीत मित्राकडे होतो. इथले धक्के दोन-तीन किलोमीटर खोलीवर होतात. म्हणून ४.६ हा आकडा लहान वाटला तरी खालून कुणी घण घातल्यासारखं होतं. दिवे गेले. जिन्यातून उतरताना प्लास्टर पायाखाली कचकचत होतं. एका घराचं दार चौकटीत अडकलं होतं, आतल्या बाईला काढायला शेजाऱ्यांनी खांदा लावला. बाहेर आलो तर रस्ता अरुंद आणि वरून गच्चीच्या कठड्याचे तुकडे. मला तेव्हा लाव्हा आठवला नाही. डोक्यावर काय आहे एवढंच बघत होतो.

आता इथली व्यवस्था. लक्ष ठेवण्याचं काम व्हेसुव्हियस वेधशाळा करते (व्हेसुव्हियस हा नापोलीच्या पूर्वेचा दुसरा ज्वालामुखी). १८४१ ची, ज्वालामुखीवरची जगातली सगळ्यांत जुनी वेधशाळा, आणि तिचं कार्यालय फुओरिग्रोत्तातच आहे, म्हणजे मोजणारी माणसंही त्याच परातीत बसतात. दर आठवड्याला त्यांचं पत्रक निघतं: किती धक्के, रिओने तेर्राला जमीन महिन्याला किती मिलिमीटर चढतेय, वाफेच्या झऱ्यांचं तापमान, वायू किती. पोझ्झुओलीतल्या सॉल्फातारा या वाफाळत्या विवराच्या भागातून दिवसाला हजारो टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

धोक्याच्या पायऱ्या चार: हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. डिसेंबर २०१२ पासून आम्ही पिवळ्यावर आहोत. पायरी बदलायचा निर्णय वेधशाळा एकटी घेत नाही, देशाचं नागरी संरक्षण खातं आणि मोठ्या धोक्यांसाठी नेमलेला तज्ज्ञांचा आयोग त्यात असतो. नारिंगी झाली की दवाखाने आणि तुरुंग रिकामे करतात, आणि ज्याला स्वतःहून जायचं असेल त्याने जावं असं योजनेतच लिहिलंय. लाल झाली की ७२ तास: बारा तास तयारी, अठ्ठेचाळीस तासांत सगळ्यांनी निघायचं, शेवटचे बारा तास राखीव. लाल पट्ट्यातल्या (पट्टे म्हणजे नकाशावरचे भाग, वरच्या पायऱ्यांचे रंग वेगळे) प्रत्येक गावाला इटलीतले प्रांत वाटून दिलेत, पोझ्झुओलीची माणसं लोंबार्दीला जाणार. फोनवर आयटी-अलर्ट येतो. २०२३ मध्ये आपल्याकडे चाचणीसाठी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते ना, तसाच, त्याला ॲप लागत नाही.

आता खोलीचं. बान्योली आणि फुओरिग्रोत्ता पूर्ण लाल पट्ट्यात. व्होमेरो, कियाइया यांचेही काही भाग लालमध्ये येतात, त्यामुळे नुसत्या भागाच्या नावावर जाऊ नका, रस्ता आणि घर क्रमांक घालून नकाशात बघा. मध्यवर्ती रेल्वे स्टेशनच्या बाजूचा जुना भाग पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे तिथे मुख्य प्रश्न राखेचा. अजून पूर्वेला सान जोव्हान्नीकडे सरकलात तर व्हेसुव्हियसचा लाल पट्टा सुरू होतो, तेव्हा घाबरून फार पळूनही उपयोग नाही. स्टेशनच्या बाजूहून मेट्रोची दोन नंबर लाइन कॉलेजजवळ आणते.

मी इथे का राहिलो हेही सांगतो. माझं काम इथे आहे, माणसं चांगली आहेत, आणि प्रत्येक धक्क्यानंतर घरमालकीण खालून ओरडून माझं नाव घेते. पण मी लाल पट्ट्यात झोपत नाही. मार्चनंतर घर बदललं.

—

गोदाकाठची | ७ ऑगस्ट, सकाळी ६:२५

दादा, तुमचं दोनदा वाचलं, यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. एक कळलं नाही. लाल पट्टा आणि पिवळा पट्टा यात नेमका फरक काय? लाव्हा पोचतो आणि पोचत नाही, असं का?

—

भूगर्भवाला | ७ ऑगस्ट, सकाळी १०:००

लाव्हा बहुतेक वेळा माणसाच्या चालीने येतो, त्याच्यापासून माणूस बाजूला होऊ शकतो. लाल पट्टा आखलाय तो तापलेल्या राखेच्या आणि वायूच्या लोंढ्यासाठी. स्फोटाने उडालेला ढग स्वतःच्या वजनाने खाली कोसळतो आणि जमिनीलगत धावत सुटतो. शेकडो अंश तापमान, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे वेग. त्याच्यापुढे गाडी, भिंत, दार, काहीच उपयोगाचं नाही. म्हणून तिथे ‘सुरू झाल्यावर बघू’ हा पर्याय नाही, आधीच निघायचं.

पिवळ्या पट्ट्यात राख वाऱ्याने येऊन पडते. तिथे घरात थांबता येतं, पण छत बघायला हवं. ही राख म्हणजे दळलेला दगड आणि काच, लाकडाच्या राखेसारखी हलकी नाही, आणि पावसात भिजली की वजन खूप वाढतं. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समध्ये पिनातुबो फुटला, नेमकं त्याच दिवशी वादळ येऊन पाऊस झाला, आणि भिजल्या राखेखाली छतं कोसळून शेकडो माणसं गेली. त्याच पिनातुबोत शास्त्रज्ञांच्या इशाऱ्यावर आधीच गावं हलवल्यामुळे हजारो वाचले, हेही तेवढंच खरं.

तिसरी गोष्ट, कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड, वास नाही, खोलगट जागी साचतो. आपल्याकडे जुनी माणसं बंद पडलेल्या विहिरीत उतरण्याआधी दोरीने कंदील सोडायची आणि विझला तर उतरायची नाहीत, ते याच्याचसाठी. लेकीला सांगा, त्या भागात तळघरातली खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. आणि सॉल्फातारा बघायला कुंपण ओलांडून जायचं नाही. २०१७ मध्ये तिथे आई, वडील आणि अकरा वर्षांचा मुलगा जमीन खचून गेले.

—

सातपूर_सिव्हिल | ७ ऑगस्ट, रात्री ८:४५

ताई, तुमच्या घरी पोझ्झुओलीचं नाव आधीच येऊन गेलंय. घर बांधताना सिमेंटच्या गोणीवर पीपीसी लिहिलेलं असतं, त्यातला मधला ‘पी’ म्हणजे पोझोलाना. रोमन लोक त्या गावची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून पाण्याखालीही घट्ट होणारं काँक्रीट करत, त्यावरून ते नाव आलं. आपण तेच काम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या फ्लाय ॲशने करतो.

आता कामाचं. पंचवीस वर्षं इमारती बांधतोय, म्हणून हक्काने सांगतो: ज्वालामुखीचा नकाशा बघा, पण त्याआधी इमारत बघा. नापोलीची जुनी घरं पिवळ्या टफ दगडाच्या, म्हणजे घट्ट झालेल्या ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाच्या, जाड भिंतींची आहेत. दिसायला देखणी, पण भिंती एकमेकींना आणि मजल्याला नीट बांधलेल्या नसतील तर हादऱ्यात सुट्या होतात. आपण किल्लारीत १९९३ ला बघितलं, माणसं मेली ती जड दगड-मातीच्या भिंतींखाली. दळवटच्या दादांनीही आईची ती भिंत आधी बघून घ्यावी, मी यायला तयार आहे, खरंच.

२३ नोव्हेंबर १९८० ला नापोलीच्या पूर्वेला इर्पिनियाचा मोठा भूकंप झाला, त्यानंतर त्या प्रदेशात भूकंपाचे नियम कडक झाले. त्या नियमांनंतरची आरसीसी इमारत मिळाली तर उत्तम. घरमालकाला सरळ विचारायचं, मार्चनंतर इमारतीची तपासणी झाली का, ‘आजिबिले’ म्हणजे राहण्यायोग्य असा शेरा आहे का, कागद दाखवा. जो कागद दाखवायला कुरकुर करतो त्याची खोली सोडायची.

बाकी छोट्या गोष्टी. उशाशी बूट आणि टॉर्च, कारण भूकंपानंतर पाय कापतात ते काचेने. पलंगाच्या वर फळी नको. हादरा चालू असताना जिन्याकडे पळायचं नाही, टेबलाखाली जायचं, थांबल्यावर उतरायचं, आणि अरुंद गल्लीत भिंतीलगत उभं राहायचं नाही. तुमची लेक स्ट्रक्चरल शिकतेय, व्हिडिओ कॉलवर तिलाच मालकाकडून इमारत दाखवून घ्यायला लावा. कॉलम-बीम कुठे आहेत ते तिला कळेल.

—

कावनई | ८ ऑगस्ट, सकाळी ९:१५

सर्वांचं वाचलं, पण मला ७२ तासांची योजना पटत नाही. मी २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी बंदोबस्ताला स्वयंसेवक होतो. त्याआधी २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, ती आठवण प्रत्येक बॅरिकेडवर होती. गर्दी कागदावर वाहते तशी रस्त्यावर वाहत नाही. एक म्हातारी चप्पल शोधायला थांबली की मागे पाचशे माणसं थांबतात. आणि आमच्याकडे लोक देवाच्या ओढीने, ठरल्या दिवशी, ठरल्या वाटेने येत होते. नापोलीत पाच लाख लोक भीतीने, मुलंबाळं, सामान, कुत्री-मांजरं घेऊन, कदाचित भूकंपाने बंद झालेल्या रस्त्यांवरून निघणार.

म्हणून ताई, लाल रंगाची वाट बघायची नाही. नारिंगी झाला की लेकीने निघायचं. जो तिथला आहे त्याचं घर आहे, दुकान आहे, आजारी बाप आहे, तो थांबणारच. तुमच्या लेकीचं तिथे एक बॅग सोडून काही नाही. विद्यार्थी असण्याचा हा एवढा फायदा तिने घ्यावा.

—

भूगर्भवाला | ८ ऑगस्ट, दुपारी १२:३०

कावनई यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्यात एक भर. पायऱ्या नेहमी ओळीने चढतीलच असं नाही, पिवळ्यावरून नारिंगीवर बराच काळ थांबेल आणि मग लाल, अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. पापुआ न्यू गिनीत राबाउल म्हणून गाव आहे, तेही असंच परातीत वसलेलं. १९८३ ते ८५ मध्ये तिथे जमीन उचलली, हजारो धक्के बसले, सरकारने योजना केली, लोकांकडून सराव करून घेतला, आणि काहीही झालं नाही. सगळे म्हणाले, उगाच घाबरवलं. नऊ वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, जोरदार धक्के सुरू झाल्यापासून उद्रेकापर्यंत जेमतेम २७ तास मिळाले. सरकारी हुकमाची वाट न बघता लोक रात्रीच निघाले, कारण दहा वर्षांपूर्वीचा सराव अंगात होता. गाव राखेखाली गेलं, पण मेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

याच्या उलट कोलंबियातलं आर्मेरो. तिथे धोक्याचा नकाशा उद्रेकाच्या महिनाभर आधी तयार होता आणि त्यात आर्मेरो होतं. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नेवादो देल रुइसच्या शिखरावरचं बर्फ वितळून चिखलाचा लोंढा नदीच्या पात्रातून खाली यायला दोन-अडीच तास लागले. तेवढ्या वेळात शेजारच्या उंचवट्यावर चालत जाता आलं असतं. २३ हजारांच्या आसपास माणसं गेली.

खोटा ठरलेला इशाराही महाग पडतो, हेही सांगायला हवं. १९७६ मध्ये ग्वादलूप बेटावर सत्तर हजारांहून जास्त लोकांना महिनोन् महिने घराबाहेर ठेवलं आणि मोठा उद्रेक झालाच नाही. लोकांचे धंदे बुडाले, शास्त्रज्ञ एकमेकांशी भांडले. नारिंगीवर निघालात आणि काही झालं नाही तर लेकीचं एक सत्र वाया जाईल. तो खर्च आत्ताच मान्य करून ठेवा, म्हणजे त्या दिवशी फोनवर वाद होणार नाही.

—

रानजाई | ८ ऑगस्ट, रात्री १०:०५

सगळं वाचलं. माहिती खूप मिळाली, पण माझं मत बदललं नाही. इतकी तयारी करून जायचं, तर जायचंच कशाला? तरी ताई, तुम्ही पाठवलंत तर मीही दर आठवड्याला ते पत्रक बघत जाईन.

—

गोदाकाठची | ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

चार दिवस गप्प होते, कारण घरात यावरच चाललं होतं.

रानजाई ताई, तुमचा प्रश्न मीही लेकीला विचारला. ती म्हणाली, “आई, भूकंपात घरं कशी उभी राहतात हे शिकायचं तर ज्या गावात ती पडतात तिथे शिकेन.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमची काळजी मला कळते, ती माझीच आहे.

बान्योलीची खोली सोडली. मालकाला तपासणीचा कागद मागितला तर तीन दिवस आज-उद्या केलं, मग म्हणाले, बाकीचे विद्यार्थी काही विचारत नाहीत. सिन्नरच्या दादांनी ओळखीतून स्टेशनच्या बाजूला दोन मुलींबरोबर जागा बघून दिली, आरसीसी, तिसरा मजला, लाल पट्ट्याबाहेर. भाडं महिन्याला बरंच जास्त आहे. यजमानांनी काही न बोलता हिशेबाच्या वहीत आकडा बदलला. दिवसा ती कॉलेजला, म्हणजे लाल पट्ट्यातच असणार, हे आम्हाला माहीत आहे. ते टाळता येत नाही.

रविवारी लेकीला घेऊन गोदाकाठी गेले. पाणी मारुतीच्या पायांशी होतं. तिथेच पायरीवर बसून तिने वहीत लिहिलं, तसंच्या तसं देते. पिवळा म्हणजे मारुतीच्या पायाला पाणी: दर आठवड्याला पत्रक वाचायचं, पासपोर्ट आणि पैसे एकाच पिशवीत, रात्री फोन चार्ज. पिवळा असतानाच जमीन उचलायचा वेग एकदम वाढला किंवा वेधशाळेने तातडीचं काही काढलं तर गुडघ्याला पाणी: कॉलेजला जायच्या आधी सिन्नरच्या दादांना विचारायचं. नारिंगी म्हणजे कमरेला: त्याच दिवशी पहिल्या गाडीने रोम, कुणाला न विचारता, आईलासुद्धा नाही. लालचा रकाना तिने कोराच ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, तेव्हा मी तिथे नसेनच.

—

नापोलीकर_सिन्नरचा | ११ ऑगस्ट, रात्री ११:५५

विमानाची तारीख कळवा, घ्यायला येतो. पहिल्या रविवारी तिला पोझ्झुओलीचे खांब दाखवेन. बंदरही बघण्यासारखं आहे, जमीन इतकी वर आलीय की होड्या लावायची जुनी जागा उथळ पडलीय, कोळी लोक वैतागलेत.

—

दळवट_खोरं | १२ ऑगस्ट, सकाळी ७:४०

सातपूरचे साहेब काल खरंच घरी येऊन गेले. भिंत उतरवायची ठरली, आई तोवर माझ्या बहिणीकडे. ताई, लेकीच्या त्या पिशवीत काय काय आहे ते लिहाल का? शाळेच्या गुरुजींना दाखवायचंय, पोरांना घरी सांगतील म्हणाले.

—

गोदाकाठची | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१०

लिहिते दादा. टॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, पाण्याची बाटली, जाड तळाचे बूट, तोंडाला बांधायला सुती पंचा, चालू औषधं, आधार आणि बँकेच्या कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, थोडे रोख पैसे, दोन दिवस टिकेल असं खायला, आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून. तिच्या पिशवीत मी गुळपापडी घातलीय. तुमच्या आईंच्या पिशवीत चष्मा आणि काठी विसरू नका.